प्रवासातला स्टुडिओ: पिशवीत काय जातं, काय घरी राहतं

पहिल्यांदा चित्रं काढायला म्हणून बाहेर पडले तेव्हा माझ्यासोबत लाकडी ईझल (चित्र उभं धरायचा स्टँड), रंगांच्या चोवीस ट्यूब, तीन आकारांचे कागद आणि फिक्सेटिव्हचा, म्हणजे चित्र पुसट होऊ नये म्हणून मारायच्या स्प्रेचा, मोठा डबा होता. पाच दिवसांत चित्र झालं एक, तेही खोलीच्या खिडकीतून, पेन्सिलीनं. सामान मांडायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागायची आणि तेवढ्यात ज्या उन्हासाठी थांबले ते ऊन भिंतीवरून उतरून गेलेलं असायचं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच: बसल्यापासून तीन मिनिटांत ब्रश कागदाला टेकला पाहिजे.

निघायच्या आठवडाभर आधी रंगीत तालीम करा. सगळं पिशवीत भरा, घरातल्याच एका कोपऱ्यात बसा आणि एक पूर्ण चित्र काढा. मध्ये उठायचं नाही. ज्या वस्तूसाठी उठावंच लागलं ती चिठ्ठीवर लिहा, जिला हातच लागला नाही ती बाहेर काढा. पहिल्या तालमीत मी तीनदा उठले: फडकं, शार्पनर आणि गढूळ पाण्यासाठी दुसरं भांडं. ईझलला हातही लागला नव्हता.

मी जलरंगात काम करते, त्यामुळे ट्यूब नेतच नाही. रंग भरायच्या रिकाम्या छोट्या वाट्या मिळतात, त्यांना हाफ पॅन म्हणतात. एकात साधारण 2 मिली रंग मावतो, म्हणजे 5 मिलीच्या ट्यूबमध्ये दोन सहज भरतात. पॅन एका दमात काठोकाठ भरू नका. वर साय धरते, आत ओलं राहतं आणि वाळल्यावर भेगा पडतात. अर्धा भरा, टूथपिकनं ढवळून हवेचे बुडबुडे काढा, एक-दोन दिवस वाळू द्या, मग उरलेला भरा. काही रंगांत मध असतो, ते कधीच खडखडीत वाळत नाहीत. असा डबा पिशवीत उभा ठेवला की रंग शेजारच्या घरात शिरतो. आडवाच ठेवा.

रंग आठ. पिवळे, तांबडे, निळे दोन-दोन, प्रत्येकी एक उबदार आणि एक थंड. सातवा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. तो अल्ट्रामरीन निळ्यात मिसळला की फिकट राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, म्हणून काळा घरीच. आठव्या घरावरून माझं माझ्याशीच दर वेळी भांडण होतं. रात्री डबा उघडा ठेवा. ओला मिटून ठेवलात तर बुरशी धरते.

ब्रश तीन पुरतात: चांगल्या टोकाचा 8 नंबरचा गोल, 4 नंबरचा जुना आणि अर्धा इंची चपटा. बांबूच्या काड्यांच्या छोट्या चटईत गुंडाळले की हवा खेळते. ओला ब्रश टोपणात कोंबून विसरलात तर केस वाकतात. माझा एक चांगला ब्रश असाच गेला.

कागद मात्र मी हलका घेत नाही. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कॉटन कागद घेते. 22×30 इंचांचा एक ताव आठ भागांत कापला की 7.5×11 इंचांचे तुकडे मिळतात. दोन सनबोर्डमध्ये ते बसतात, आणि तोच बोर्ड मांडीवर टेबल होतो. वर मास्किंग टेप आणि दोन चिमटे.

पिशवी भरताना उलट्या क्रमानं भरा. बसायची घडीची चटई सगळ्यात आधी लागते, ती सगळ्यात वर. कपडे पांढरे किंवा राखाडी असू द्या. उन्हात लाल सदऱ्याची झाक कागदावर पडते आणि रंग का चुकतोय ते तासभर कळत नाही.

विमानानं जाणार असाल तर चाकू आणि पॅलेट नाइफ हातातल्या बॅगेत ठेवू नका. टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्हचा स्प्रे तर कुठल्याच बॅगेत नको, दोन्ही ज्वालाग्राही आहेत. पोहोचल्यावर तिथेच घ्या. तैलरंगवाल्यांना आणखी एक सांगायचंय. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून पिशवीत टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. ओली चित्रं न्यायची तर समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घाला आणि दोरीनं घट्ट बांधा.

परत आल्यावर पिशवी लगेच रिकामी करू नका. सलग तीन प्रवासांत न वापरलेलं काय ते आधी बघा आणि काढून टाका. जे कमी पडलं ते रंगांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहा. मागच्या खेपेला वाऱ्यानं अर्धं झालेलं चित्र उडवून थेट पाण्यात नेलं. सध्या माझ्या चिठ्ठीवर एवढंच आहे: चिमटे चार.