फुकटचे ऑनलाइन कोर्स करताय? या चुका टाळा

एकदम पाच-सहा कोर्सना नाव घालणं ही सगळ्यात जुनी चूक. पैसे पडत नाहीत म्हणून ती होते. हार्वर्ड आणि एमआयटीच्या, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ साली नाव घातलेल्या शंभरातले जेमतेम तीन जण शेवटपर्यंत पोचले होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र जवळजवळ निम्मे. एका वेळी एकच कोर्स घ्या.

आपल्याकडे खरी गोची आहे ती वेळापत्रकाची. ‘स्वयम्’ या सरकारी साइटवरचे एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे, कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत असतात. जुलैचं सत्र म्हणजे धो धो पाऊस, लाईट गेली की पाठोपाठ रेंज गायब, आणि मध्येच गणपती. घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना असाइनमेंट कोण सोडवणार? पण बारा आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी सर्वांत चांगल्या आठच असाइनमेंट धरतात. ही चारची सवलत पहिल्याच महिन्यात आळसात उडवू नका, गौरी-गणपतीसाठी राखून ठेवा. रेंज असेल तेव्हा व्हिडिओ उतरवून घ्या. व्याख्यानाचा मजकूर पीडीएफमध्ये मिळतो, तो तर कमी डेटात येतो. काही कोर्सचा मराठीतही आहे. घरची आंब्याची बाग असेल तर जानेवारीच्या सत्रातही बारा आठवड्यांचा कोर्स नको. त्याची परीक्षा एप्रिलात, ऐन काढणीत येते. आठ आठवड्यांचा घ्या, पण त्याच्याही परीक्षेची तारीख आधी बघा.

कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं, असं समजणारे दरवर्षी फसतात. परीक्षेचा फॉर्म वेगळा, फी वेगळी (एनपीटेलला एका कोर्सचे साधारण १००० रुपये) आणि मुदतही ठरलेली. ही सूचना ईमेलवर येते, आणि आपली पोरं व्हॉट्सअॅपच्या पलीकडे बघत नाहीत. मुदत हुकली तर व्हिडिओ बघता येतात, पण प्रमाणपत्रासाठी तो कोर्स पुन्हा लागेपर्यंत थांबावं लागतं. परीक्षा घरून नसते, केंद्रावर जाऊन द्यायची. सकाळची वेळ आली तर पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच त्या शहरात नातेवाइकाकडे मुक्काम करा.

असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात. ती उतरवून २५ पैकी २५ मिळतीलही, पण परीक्षेत ७५ पैकी ३० स्वतःचे लागतात. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं.

आणि क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या पदवीत धरले जाणारे श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात. तरी तुमचं कॉलेज नेमका तोच कोर्स धरेल असं नाही. विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या. निकालानंतर विचारून उपयोग नसतो.

कोर्सेरा या परदेशी कोर्सच्या साइटवर प्रमाणपत्राची फी परवडत नसेल तर बऱ्याच कोर्सना आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. तो स्वतःच भरा. ‘भरून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.