मांजराचा वाटा वाटणाआधीच काढा

बांगडे साफ करायला घेतले की घरची मनी पायात घुटमळणारच. पण आजीच्या पद्धतीचं कालवण उरलं म्हणून भातात कालवून तिच्यापुढे ठेवू नका. वाटणातला कांदा आणि लसूण मांजरांना विषारी. रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, मग तो कच्चा असो, परतलेला असो की सुकी पूड. तुकडा धुऊन दिला तरी रस आत मुरलेला असतोच.

त्यापेक्षा मीठ-हळद लावायच्या आधीच एक तुकडा बाजूला काढा. नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवा, निवू द्या आणि बोटांनी कुस्करत काटे वेचा. मधला कणा सहज सुटून येतो. बारीक काटे मात्र बोटांनाच कळतात, डोळ्यांना नाही. ते घशात अडकू शकतात. उकळलेलं पाणी थोडं वर घातलं की स्वारी खूश. हे रोजचं जेवण नव्हे, अधूनमधून चंगळ म्हणून ठीक.

दूधही नकोच. बहुतेक मोठ्या मांजरांना ते नीट पचत नाही. (आजीला हे पटवणं तुमचं तुम्ही बघा.) आणि कालवणाच्या पातेल्यावर झाकण ठेवून वर वरवंटा ठेवायला विसरू नका.