जुन्या हॅम सेटला पॉवर जोडताना या चुका टाळा

कॉर्ड कापलेली, मागे आठ किंवा अकरा पिनांचा प्लग आणि मॅन्युअल गायब. हौशी रेडिओवाल्यांचा (हॅम) जुना व्हॉल्व्ह सेट हाती येतो तो बहुधा याच अवस्थेत. आवाज ऐकायची घाई झालेले नवे हॅम पहिल्याच संध्याकाळी अंदाजाने जोडणी करतात आणि तीस-चाळीस वर्षं टिकलेला ट्रान्सफॉर्मर जाळून बसतात. तसा ट्रान्सफॉर्मर आता बाजारात मिळत नाही.

पिना उलट्या बाजूने मोजणं

ऑक्टल (आठ पिनांच्या) सॉकेटला डाख देतो त्या बाजूने पाहिलं तर खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १ ते ८ अशा पिना येतात. प्लगच्या पिना समोरून पाहतानाही क्रम तोच असतो. पण प्लगचं टोपण काढून आतून डाख द्यायला बसलात की तोच क्रम उलटा फिरतो. मग १ ची ८ होते, २ ची ७, ३ ची ६, ४ ची ५.

यात फसगत कशी होते ते पाहा. एका घरगुती बनावटीच्या रिसीव्हरला १ वर चॅसी (सेटचा धातूचा सांगाडा), २ आणि ७ वर हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार), ८ वर अधिक २५० व्होल्ट हवे होते. सप्लायच्या केबलचा प्लग आतून, उलट्या क्रमाने जोडला गेला. हीटरला अधिक-उणेचा फरक पडत नाही, त्यामुळे २ आणि ७ ची अदलाबदल होऊनही व्हॉल्व्ह छान पेटले. मालकाची खात्री पटली की जोडणी बरोबर आहे, आणि आवाज का येत नाही म्हणून तो आउटपुट व्हॉल्व्ह बदलत बसला. तेवढ्या वेळात अधिक टोक चॅसीवर आणि उणे टोक एचटीच्या (हाय टेन्शन, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या) लाइनवर गेल्यामुळे फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलट्या व्होल्टेजने तापला, फुगला आणि फुटला. आतला चिकट लगदा कॉइलपर्यंत उडाला. व्हॉल्व्ह पेटणं हा जोडणी बरोबर असल्याचा पुरावा नाही, एवढं कायमचं लक्षात ठेवा.

प्लगवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगाखाली वाचा. डाख दिल्यावर प्रत्येक पिन समोरून मीटरने पुन्हा तपासा.

प्लगकडून शोध सुरू करणं

कुठली पिन कशाची हा शोध व्हॉल्व्हकडून सुरू करायचा. ६१४६ या ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यातल्या (फायनल) व्हॉल्व्हचे हीटर २ आणि ७ वर, स्क्रीन ३ वर, ग्रिड ५ वर आणि प्लेट डोक्यावरच्या टोपीत असते. टोपीपासून आरएफ चोकमधून (रेडिओ लहरी अडवणाऱ्या कॉइलमधून) मागे गेलात की एचटीची पिन सापडते. दोन ६१४६ चे हीटर सिरीजमध्ये असतील तर सेट १२.६ व्होल्ट मागतो, पॅरलल असतील तर ६.३. हीथकिट एचडब्ल्यू-१०१ सारख्या सेटला १२.६ व्होल्ट एसी, सुमारे ३०० व्होल्ट, सुमारे ७०० व्होल्ट आणि शिवाय ग्रिडसाठी उणे बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारं व्होल्टेज) लागतो. बायस सापडेपर्यंत एचटी जोडूच नका. त्याशिवाय फायनलच्या प्लेटा लालबुंद होतात आणि व्हॉल्व्ह जातात.

रंगांवर विश्वास

अमेरिकन ट्रान्सफॉर्मरची जुनी रंगपद्धत वेगळी आहे. प्रायमरीच्या (मेन्सकडच्या वाइंडिंगच्या) दोन्ही वायरी काळ्या, एचटी लाल, तिचा मधला टॅप लाल-पिवळा, रेक्टिफायरचा ५ व्होल्टचा हीटर पिवळा, आणि हिरव्या वायरी बाकीच्या हीटरच्या. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. त्या सवयीने दोन्ही हिरव्या अर्थला जोडल्या की हीटरचं वाइंडिंग शॉर्ट. तेव्हा रंग पाहून अंदाज बांधा, पण खात्री ओहममीटरनेच करा: हीटर एक ओहमच्या आत, प्रायमरी काही ओहम, एचटी बहुधा शंभरच्या आसपास किंवा वर.

११७ व्होल्टचा सेट थेट २३० वर

दोन प्रायमरी असतील तर २३० साठी सिरीज. दिशा कळण्यासाठी दोघींचं एकेक टोक जोडा, एकीला ६.३ व्होल्ट एसी द्या आणि मोकळ्या दोन टोकांमध्ये मोजा. १२.६ च्या आसपास आले तर बरोबर. शून्याच्या जवळ आले तर एका प्रायमरीची टोकं उलटवा. या तपासणीत एचटीच्या टोकांवर काही दशक व्होल्ट येतात, तिथे हात नको. २३० वर फ्यूजही निम्मा करा. एकच प्रायमरी असेल तर स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो. सेटच्या पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर स्टेप-डाउनचं व्होल्टेज शंभराच्या खालीच ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झवर गाभा तापतो.

पहिल्यांदा पॉवर देताना फेजच्या वायरीत ६० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी चालणार नाही. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पूर्ण उजेडात राहिला तर लगेच बंद करा. बंद केल्यावर एचटी कपॅसिटर १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट आहे.

सेट व्हॉल्व्हचा नसून १३.८ व्होल्टचा, शंभर वॅटचा असेल आणि त्याला साधी २.५ चौ. मिमी वायर तीन मीटर ओढली तर २० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच जातो. ६ चौ. मिमी घ्या.

येसू एफटी-१०१ या सेटचे फायनल पेटत नसले की लोक नवे व्हॉल्व्ह शोधायला निघतात. आधी मागचा ॲक्सेसरी प्लग जागेवर आहे का आणि त्यात पिन १ व २ जोडलेल्या आहेत का ते पाहा. फायनलच्या हीटरचा पुरवठा त्यातूनच जातो.