पहिली ट्रायथलॉन करताय? निदान या चुका टाळा

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं सलग. स्प्रिंट हा तिचा छोटा प्रकार. दर मोसमात तोच फोन येतो. ‘सर, टँकमध्ये हजार मीटर आरामात होतात. स्प्रिंटचे ७५० म्हणजे काहीच नाही ना?’ मी विचारतो, भिंतीला किती वेळा हात लावतोस? पलीकडे शांतता. २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या, म्हणजे मध्ये २९ वेळा भिंत. दर भिंतीला पायाने ढकललं की दोन-तीन मीटर फुकट, वर श्वास घ्यायला उसंत. स्पर्धेत पोहायचं असतं तळ्यात. तिथे भिंत नाही, तळाशी काळी पट्टी नाही, आणि पाणी इतकं गढूळ की स्वतःचा पंजा दिसत नाही.

माझ्या पहिल्या स्प्रिंटला मीही असाच टँकबहाद्दर होतो. भोंगा झाला, पुढच्याची टाच गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी. गॉगल कसाबसा सारखा केला आणि चिडून हात मारत सुटलो. साठेक हात तरी डोकं वर काढलं नसेल. मदतीला कयाक, म्हणजे छोटी होडी, घेऊन फिरणाऱ्या पोराने वल्हं पाण्यावर आपटलं तेव्हा थांबलो. ‘ओ काका, कुठं निघालाय? बोया तिकडं ऱ्हायला!’ बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, खरंच उजवीकडे, मागे. मी ऐटीत पलीकडच्या पंपहाऊसकडे चाललो होतो. घड्याळात शेवटी ९६० मीटर भरले.

तेव्हापासून एक खोड लागलीय. टँक रिकामा असला की डोळे मिटून दहा हात पोहायचं आणि कुठल्या दोरीवर आपटतो ते बघायचं. मी दरवेळी डावीकडे जातो, कारण श्वास नेहमी उजवीकडून. तळ्यात दर आठ हातांनी मगरीसारखे नुसते डोळे पाण्याबाहेर काढतो. बोया शोधत बसू नका, लाटेत तो गडप होतो. त्याच्या मागचं उंच झाड किंवा देवळाचं शिखर काठावरूनच हेरून ठेवा. दम कोंडला तर सरळ पाठीवर पडा, नाहीतर कयाक धरा. तो धरून पुढे सरकत नाही तोवर बाद करत नाहीत. हे माहीत असूनही लाजेपायी गटांगळ्या खाणारे महाभाग मी पाहिलेत.

दुसरी चूक सायकलवरून उतरल्यावरची. २० किमी सायकल येते, ५ किमी पळता येतं, मग अडलं कुठे? पहिल्या किलोमीटरला कळतं. पाय लाकडाचे होतात. त्यात सायकलच्या वेगाची सवय झालेली असते, म्हणून जोरात पळत असूनही आपण रांगतोय असंच वाटतं. मग गडी आणखी पेटतो आणि तिसऱ्या किलोमीटरला चालताना दिसतो. आठवड्यातून एकदा सायकल भिंतीला टेकवायची आणि लगेच दहा मिनिटं पळायचं. आंघोळ, चहा, फोटो नंतर.

बाकीचं किरकोळ, पण रडवणारं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू नका, पंच थांबवतात. सायकल स्टँडला लावतानाच हलका गिअर टाकून ठेवा. नवे बूट, ताकदीसाठी चोखायचं नवं जेल स्पर्धेच्या दिवशी नको. मी खजूर आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यावर भागवतो. काखेत आणि मानेला व्हॅसलीन चोपडा. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून सायकल मारू नका, हौशी गटात बहुतेक ठिकाणी मनाई असते.

आणि घाई. २०१९ मध्ये गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन झाली, तेव्हापासून ज्याला-त्याला थेट तीच करायचीय. ७०.३ हे एकूण मैल आहेत, बाबांनो: १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं. दीड लाखाची सायकल आधी येते, समुद्र मात्र स्पर्धेच्या पहाटे पहिल्यांदा दिसतो. गेल्या महिन्यात असाच एकजण तीन महिन्यांचा प्लॅन मागत होता. म्हटलं, रविवारी सहाला तळ्यावर ये, सायकल घरी ठेव.

चार रविवार झाले. अजून आलेला नाही.