कप्सचं राजघराणं, गच्चीवरून

भविष्य वाचायच्या टॅरोच्या 78 पत्त्यांत माझी गाडी अडायची ती सोळा कोर्ट कार्डांवर, म्हणजे कप्ससारख्या चार गटांतल्या किंग, क्वीन, नाइट (सरदार) आणि पेज (हुजऱ्या) यांच्यावर. क्वीन ऑफ कप्स आली की ‘प्रेमळ, हळवी बाई’ यापलीकडे मला काही सुचायचं नाही. क्लासमध्ये राशींचा तक्ता पाठ करून घेतला होता, तो आठ दिवसांत विसरले. मग एका नोव्हेंबरात गच्चीवर चटई टाकली, चार पत्ते घेऊन तारे बघत आडवी झाले, आणि ही मंडळी ओळखीची झाली.

डेक रायडर-वेटचा घ्या, 1909 सालचा, पामेला कोलमन स्मिथने चितारलेला. कप्सची चार कोर्ट कार्डं काढा आणि अर्थाचं पुस्तक मिटून नुसती चित्रं बघा. किंगचं सिंहासन चक्क समुद्रावर तरंगतंय, गळ्यात मासा लटकतोय. क्वीन किनाऱ्यावर बसून हातातल्या कपाकडे टक लावून बघतेय, जणू आरसाच. पेजच्या कपातून मासा डोकं वर काढतोय. नाइटच्या शिरस्त्राणाला आणि टाचांना पंख आहेत.

आता ग्रीक पुराणातली गोष्ट. इथिओपियाचा राजा सिफियस, राणी कॅसिओपिया. राणीने बढाई मारली की आमचं रूप समुद्रकन्यांपेक्षा सरस. समुद्रदेव पोसायडन चिडला, त्याने पूर आणि समुद्रराक्षस धाडला. उतारा म्हणून मुलगी अँड्रोमेडा खडकाला साखळदंडांनी बांधली गेली. मेडुसा राक्षसीचं मुंडकं घेऊन परतणाऱ्या, पंखांचे जोडे घातलेल्या पर्सियसने तिला सोडवलं. किंग, क्वीन, पेज, नाइट: सगळं घर जमलं. स्मिथबाईंच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. मला फक्त पत्त्यांचे अर्थ टांगायला खुंटी हवी होती. तशी खोड जुनीच. पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का डेकमध्ये क्वीन ऑफ कप्सवर ट्रॉयची राजकन्या पॉलिक्सेना हिचं नाव आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करा. साधारण अर्ध्या उंचीवर पाच ताऱ्यांचा ‘एम’ दिसेल, ती क्वीन. तिच्या डावीकडे, जरा खाली, मंद ताऱ्यांचं कौलारू घर म्हणजे किंग. शहरातल्या उजेडात तो बहुतेक सापडत नाही, आणि गोष्टीतही त्याचं फारसं चालत नाहीच. डोक्यावरचा मोठा चौकोन पंचांगवाल्यांना पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा म्हणून ठाऊक असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून निघालेली ताऱ्यांची ओळ म्हणजे पेज.

नाइटला मात्र वेळ द्या. तो ईशान्येला असतो आणि त्याच्या हातातलं मेडुसाचं मुंडकं म्हणजे अल्गॉल हा तारा. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंदावतो, कारण जोडीचा फिका तारा त्याच्यासमोर येतो. एखाद्या मध्यरात्री तो अगदी मंद दिसला, तर तिसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला पुन्हा तसाच दिसेल. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की नाइट ऑफ कप्सला नुसता ‘रोमँटिक प्रस्ताव’ म्हणवत नाही. त्याच्या हातात काहीतरी झाकलेलं असतं.

आपल्याकडची एक अडचण. मराठीत हेच तारकासमूह वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाति. नावं गोड, पण नाती वेगळी! वृषपर्वा शर्मिष्ठेचा बाप, नवरा नव्हे. आणि देवयानी तिची मुलगी तर नाहीच, सवत. मी पहिल्यांदा दोन्ही कथा एकत्र कालवल्या आणि रीडिंगचा पार खिचडा झाला. आकाशात शोधताना मराठी नावं वापरा, पत्ता वाचताना ग्रीक.

तक्ता हवाच असेल तर: गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्या मंडळाने राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे 36 तुकडे केले आणि पेज सोडून बाकी बारा कोर्ट कार्डांना तीन-तीन दिले. क्वीन ऑफ कप्सला मिथुनेच्या 20 अंशांपासून कर्केच्या 20 पर्यंतचा भाग, म्हणजे साधारण 11 जून ते 11 जुलै. पण या राशी सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या. आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून मोजणारं, फरक सुमारे 24 अंशांचा. पंचांग उघडून जुळवायला जाल तर सूर्य बहुतेक दिवस मिथुनेतच सापडेल.

रीडिंगमध्ये हे असं वापरते. पेज आला की विचारते, कुणाच्या बढाईची किंमत तू मोजतेयस? नोकरीबद्दल विचारायला आलेली एक मुलगी यावर बराच वेळ गप्प बसली, मग साहेबांनी गिऱ्हाइकाला दिलेल्या अशक्य तारखेबद्दल बोलायला लागली.

आणि क्वीनचा पत्ता उलटा, डोकं खाली असा आला तर? पोसायडनने कॅसिओपियाला ध्रुवाजवळ बसवलं ते शिक्षा म्हणून. अर्धी फेरी तिने उलटं लटकायचं. ग्रीसमधून ती मावळत नाही, त्यामुळे ही फजिती तिथे उघड दिसते. पुण्याच्या साडेअठरा अक्षांशावरून ती पुरती उलटी होण्याआधीच क्षितिजाखाली जाते. म्हणून उलट्या क्वीनपाशी माझा प्रश्न असतो: ती खरंच सावरली, की नुसती तुझ्या नजरेआड गेली?