वण फुगतोय? या चुका टाळा

कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत जाऊन हौसेनं भिकबाळीसाठी कान टोचला, जखम भरली, आणि चार-सहा महिन्यांनी त्याच जागी हरभऱ्याएवढी टणक, चकचकीत गाठ आली. खाजते, त्या कुशीवर झोपलं की ठणकते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "बारकी तर हाय, कापून टाक की!" सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच.

ही गाठ बहुतेक वेळा केलॉइड असते, म्हणजे जखमेच्या जागी फुगून वाढत जाणारा वण. केलॉइड नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त वेळा परत येतं, आणि अनेकदा आधीपेक्षा मोठं. कापणं ही त्या जागेला झालेली आणखी एक जखमच असते. म्हणून शस्त्रक्रिया केलीच, तर तिच्या जोडीला स्टेरॉइडची इंजेक्शनं, कानाला दाब देणारं कर्णभूषण किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होणारं रेडिएशन, असं काहीतरी आधीच ठरलेलं हवं. घरी दोरा आवळून गाठ पाडण्याचा उद्योग तर नकोच.

दोन वणांना एकच समजणं

जखम भरताना त्वचेतल्या पेशी कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, तयार करतात. हे काम वेळेत थांबलं नाही की वण वर येतो. पण त्याच्या दोन तऱ्हा आहेत. हायपरट्रॉफिक वण महिना-दोन महिन्यांत फुगतो, जखमेची हद्द सोडत नाही आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून बसतो. केलॉइड उशिरा, कधी वर्षानंतरही येतं, हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरतं आणि आपणहून जात नाही. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वणाशेजारी मोजपट्टी धरून दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढा, उजेड आणि अंतर तेच ठेवून. "वाढलंय असं वाटतंय" यापेक्षा हे चार फोटो डॉक्टरांना जास्त सांगतात.

कानाची पाळी, छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि जबड्याची कड या केलॉइडच्या आवडत्या जागा. सावळ्या कातडीत, साधारण 10 ते 30 वयात आणि घरात कुणाला असेल तर धोका जास्त. तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांनी छाती-खांद्यावरच्या पुटकुळ्या फोडू नयेत, ते याचसाठी. एकदा केलॉइड झालं असेल तर दुसरा कान आणि टॅटू, दोन्ही विसरा. वण झाकायला वरून टॅटू काढणारे भेटतात. त्यांना हात जोडा.

पहिल्या तीन आठवड्यांतला गोंधळ

जी जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त घेते, तिचा वण फुगण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे खरी लढाई सुरुवातीलाच असते. सायलेन्सरचा चटका बसला की टूथपेस्ट, गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस उडाला की हळद-तूप, कोयता लागला की तंबाखू किंवा कॉफी पावडर दाबायची. यानं जखम चिघळते आणि किती खोल आहे तेही दिसत नाही.

भाजल्यावर अंगठी, बांगडी, घट्ट कपडा लगेच काढा आणि साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ नको. उसाचा रस चिकट, तो कातडीला धरून राहतो, म्हणून पाणी आणखी महत्त्वाचं. फोड फोडू नका. चेहरा, हात, सांधा भाजला असेल किंवा भाजलेली जागा मोठी असेल तर थेट दवाखाना.

"वारं लागू दे, खपली धरेल" हाही जुना गैरसमज. साधी जखम स्वच्छ पाण्यानं धुऊन, पेट्रोलियम जेली लावून, झाकून ठेवली की लवकर भरते. खपली खरवडू नका.

भरल्यावरची घाई

जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल हा सर्वात भरवशाचा घरगुती उपाय. पट्टी दिवसातून निदान 12 तास, किमान तीन महिने. बहुतेकजण पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडतात. उन्हाळ्यात घामानं घामोळं आलं तर पट्टीऐवजी जेल वापरा. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळण्यात अर्थ नाही, उलट पुरळ उठू शकतं.

मेडिकलमधून आणलेली कडक स्टेरॉइड क्रीम जाड वणात फारशी मुरत नाही, आजूबाजूची चांगली कातडी मात्र पातळ करते. वणात थेट दिलं जाणारं ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. ते साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या अंतरानं, बऱ्याच वेळा घ्यावं लागतं. दुखतं, जागा पांढुरकी पडू शकते, हे आधीच विचारून घ्या. खाज थांबली म्हणून दोन इंजेक्शनांनंतर गायब होणाऱ्यांचा वण हमखास डोकं वर काढतो. खासगीचा खर्च झेपत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा.

आणि भाजल्याच्या जुन्या वणावर, कित्येक वर्षांनी का होईना, न भरणारी, रक्त येणारी किंवा कडा उचललेली जखम झाली, तर मलमांत वेळ घालवू नका. अशा वणात क्वचित कॅन्सर होतो. तुकडा काढून तपासावाच लागतो.