कंपनीला ओनर-संघटनेचं सभासद करायचंय? आधी हे बघा

कंत्राटदारांच्या संघटना ढिगाने आहेत, आर्किटेक्टांच्या आहेत, कामगारांच्या युनियन तर आहेतच. पण दरवर्षी कोट्यवधी डॉलरची बांधकामं करून घेणाऱ्या, म्हणजे शेवटी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांचीही संघटना असते, हे ह्यूस्टनला येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. मी एका केमिकल कंपनीच्या कॅपिटल प्रोजेक्ट्स विभागात काम करते. इकडे आमच्या बाजूला, म्हणजे बांधकाम करून घेणाऱ्यांना, 'ओनर' म्हणतात. गणपतीत भेटणाऱ्या मंडळींपैकी बरेच सिव्हिल-मेकॅनिकलवाले याच बाजूचे, आणि "आमच्या कंपनीने जॉइन करावं का, कसं करायचं?" हा प्रश्न प्रसादाच्या रांगेत हमखास येतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी संघटना कुठली ते ठरवा, कारण आद्याक्षरांचा चांगलाच घोळ आहे. निव्वळ मोठ्या खरेदीदारांची म्हणावी अशी कर्ट, म्हणजे कन्स्ट्रक्शन यूजर्स राउंडटेबल. ती 2000 सालची, पण मूळ जुनं आहे. 1969 मध्ये बांधकामाची मजुरी आणि खर्च भडकले, तेव्हा यू. एस. स्टीलचे माजी अध्यक्ष रॉजर ब्लाऊ यांनी बड्या खरेदीदारांना एकत्र आणलं. तो गट 1972 मध्ये बिझनेस राउंडटेबलमध्ये, म्हणजे बड्या कंपन्यांच्या प्रमुखांच्या संघटनेत, सामील झाला. त्यांच्याच अभ्यासातून 1983 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सीआयआय उभी राहिली. आपल्याकडे सीआयआय म्हटलं की उद्योगपतींचा महासंघ आठवतो. ही ती नव्हे, ही कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री इन्स्टिट्यूट. इथे ओनर आणि कंत्राटदार एकत्र बसून संशोधन करतात. सीओएए नावाच्या तर दोन संस्था आहेत. अमेरिकेतल्या सीओएएमध्ये (कन्स्ट्रक्शन ओनर्स असोसिएशन ऑफ अमेरिका) विद्यापीठं, हॉस्पिटलं, सरकारी खाती यांचा भरणा, तर कॅनडातल्या अल्बर्टाची सीओएए (शेवटचा 'ए' अल्बर्टाचा) तेल आणि जड उद्योगांच्या बांधकामाची. मेल पाठवताना कुठल्या सीओएएला पाठवताय ते तेवढं बघा.

माझं मत विचाराल तर रिफायनरी, केमिकल, पॉवर प्लांटवाल्यांनी कर्ट किंवा सीआयआय बघावी. हॉस्टेल, ऑपरेशन थिएटर, प्रयोगशाळा बांधणाऱ्यांनी अमेरिकेतली सीओएए. दोन-तीन ठिकाणी एकदम पैसे भरू नका.

मग साहेबांना पटवणं. "नेटवर्किंग होईल" असं म्हणालात की प्रस्ताव तिथेच संपला. कंपनीचं एखादं दुखणं घेऊन जा. आमच्याकडे ते होतं अर्धवट स्कोप. डिझाइन पुरतं ठरायच्या आत टेंडर निघायचं आणि मग चेंज ऑर्डरींची, म्हणजे ठरलेल्या कामात मागाहून केलेल्या बदलांची, रांग लागायची. सीआयआयचं पीडीआरआय (प्रोजेक्ट डेफिनिशन रेटिंग इंडेक्स) नावाचं, प्रकल्प किती पक्का ठरलाय हे मोजणारं एक साधन आहे. औद्योगिक प्रकल्पांसाठीची त्याची पहिली आवृत्ती 1996 मध्ये आली. त्यात 70 मुद्दे असतात. प्रत्येक मुद्दा किती पक्का झालाय यावर गुण द्यायचे. एकूण गुण जास्तीत जास्त 1000, आणि गंमत म्हणजे इथे कमी गुण चांगले. 200 च्या खाली आलात तर पुढचे पैसे मंजूर करायला हरकत नाही, असा ढोबळ संकेत. कागदावर हे रटाळ वाटतं. प्रत्यक्षात प्रोसेसवाला पी अँड आयडी (प्लांटच्या पाइप-उपकरणांची ड्रॉइंग) "जवळजवळ फायनल" म्हणतो, मेंटेनन्सवाला "मला तर अजून दाखवलेलीच नाही" म्हणून उसळतो, आणि जी भांडणं साइटवर वेल्डर उभे असताना झाली असती ती कॉन्फरन्स रूममध्ये, फुकटात होतात. साहेबांना त्या बैठकीत नुसतं बसवा. वेगळं प्रेझेंटेशन लागणार नाही.

फीचा आकडा संघटनेकडून लेखी मागवा, पण खरा खर्च माणसांच्या वेळेचा आहे. सीआयआयच्या संशोधन गटांत सभासद कंपन्यांचीच माणसं काम करतात. चांगला माणूस वरचेवर सोडायची तयारी नसेल तर सभासद होऊ नका. वर्षाला फी भरून वेबसाइटवर लोगो मिळवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना त्यातून लोगोच मिळतो.

आता लीगल. त्यांच्याकडे फॉर्म शेवटी पाठवायचा मोह होतो, तो टाळा. पहिल्याच आठवड्यात पाठवा. एकमेकांचे स्पर्धक असलेले मोठे खरेदीदार एका खोलीत जमले की 1890 चा शर्मन कायदा (संगनमताने स्पर्धा मारायला मनाई करणारा) आठवणं वकिलांचं कामच आहे. त्यामुळे अशा बैठकीच्या सुरुवातीला स्पर्धा-कायद्याची सूचना वाचून दाखवतात. ती कंटाळवाणी वाटली तरी ऐका. कंत्राटदाराची सुरक्षितता कशी तपासायची, टीआरआयआर, म्हणजे दुखापतींचा दर, कसा मोजायचा (नोंद झालेल्या दुखापती गुणिले 2,00,000, भागिले कामाचे तास), यावर खुशाल बोला. आपण वेल्डरला तासाचे किती देतो, अमक्या कंत्राटदाराला कुणीच काम देऊ नये, असलं काही नाही. चहाच्या सुट्टीतही नाही, आणि आपसांत मराठीत कुजबुजूनही नाही! विषय तिकडे वळला तर हरकत घ्या, खोलीतून उठा आणि लीगलला कळवा.

फॉर्ममध्ये प्रतिनिधीचं नाव लिहिताना पदाला भुलू नका. उपाध्यक्षांचं नाव घातलं की बैठकीला कुणीच जात नाही. ज्याला प्रकल्पाची पद्धत बदलायचा अधिकार आहे आणि जो खरंच जाईल, असा माणूस द्या. सोबत साइटवर वाढलेला एक पर्यायी माणूस. फक्त पर्चेसवाल्याला पाठवलंत तर चर्चा कंत्राटाच्या कलमांवरून हलत नाही.

पुण्या-मुंबईतल्या इंजिनिअरिंग सेंटरमधल्यांसाठी एक गोष्ट. तुमची अमेरिकेतली मूळ कंपनी सीआयआयची सभासद असेल तर तिथले अहवाल आणि साधनं कर्मचाऱ्यांना वाचता येतात. त्यासाठी कंपनीच्या ईमेलवरून खातं उघडावं लागतं, जीमेल चालत नाही. कंपनी सभासद आहे की नाही हे तुमच्या मॅनेजरला ठाऊक नसेल तर सीआयआयच्या वेबसाइटवर सभासदांची यादी आहे, तिथे नाव शोधा. सापडलं तर खातं आजच उघडा आणि पीडीआरआयपासून सुरुवात करा.